पोंच घेतल्यावांचून परतूं नका



तापीकांठच्या आमच्या सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या यात्रेंत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथें घोडा घेणारा गृहस्थ व्यवहाराची पावती जपून खिशांत घालतो. परंतु तोच गृहस्थ कचेरींत महत्त्वाचा अर्ज देऊन रिकाम्या हातानें परततो. यांतलें नुकसान मला शिक्षकी पेशांत उमगलें; आणि तेथें दोष माझा होता.

एक शेतमजूर मुलीच्या दाखल्यासाठीं शाळेंत आला. हातीं दुसरें काम होतें म्हणून मीं त्यास "उद्यां या" असें सांगितलें. दुसऱ्या दिवशींही तेंच. तिसऱ्या खेपेस तो इतकेंच म्हणाला, "गुरुजी, आजचा धरून तीन दिवसांची मजुरी बुडाली." तो पहिल्या दिवशीं आला होता, यास कागदोपत्रीं कांहींच पुरावा नव्हता. मीं नाकबूल केलें असतें, तर त्याचें कोणी ऐकलें असतें?

सरकारी कचेऱ्यांतील अशा "उद्यां या"स आळा घालण्यासाठीं आपल्या राज्यांत कायदे आहेत. बदल्या व विलंब यांविषयींच्या २००५ च्या कायद्यान्वयें कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे साधारणतः ७ कामाच्या दिवसांहून अधिक पडून राहतां कामा नये. पुढें २०१५ सालीं महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आला. त्यान्वयें अधिसूचित सेवांस मुदत ठरली. मुदत टळली किंवा अर्ज नाकारला गेला, तर ३० दिवसांच्या आंत पहिलें अपील करतां येतें. मग दुसरें, आणि शेवटीं राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरें. वाजवी कारणावांचून कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड होऊं शकतो.

मात्र मुदत मोजावयाची कोणत्या दिवसापासून? परिपूर्ण अर्ज पोंचल्याच्या दिवसापासून. म्हणूनच क्रमांक व तारीख घातलेली पोंच देणें कायद्यानें बंधनकारक केलें आहे. नकार द्यावयाचा, तर त्याचीं कारणेंही लेखी कळवावीं लागतात.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांस माझी एक विनंती आहे. आपल्याकडे घरकामास येणाऱ्या बाई एखाद्या दाखल्यासाठीं कचेरींत निघाल्या, तर त्यांना एवढेंच सांगा: कागद पुरे न्या, आणि पोंच घेतल्यावांचून परतूं नका. त्या शेतमजुराच्या हातीं तसा कागद असता, तर दुसऱ्यांदां "उद्यां या" म्हणण्याचें धाडस मला झालें नसतें.