लिम्फोमा : उपचारापूर्वी विस्ताराचा शोध



मानेत, काखेत वा जांघेत न दुखणारी गाठ येते; ताप रेंगाळतो, वजन घटते. गाठीची बायोप्सी केल्यावर लसिकाग्रंथींचा कर्करोग, म्हणजेच लिम्फोमा, निश्चित होतो. त्यानंतरचा प्रश्न असतो : रोग कोठवर पसरला आहे?

१९७१ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅन आर्बर येथे याच्या चार अवस्था ठरल्या. पहिलीत ग्रंथींचा एकच गट बाधित असतो. दुसरीत छाती व पोट यांमधील पडद्याच्या एकाच बाजूचे अनेक गट. तिसरीत दोन्ही बाजूंचे. चौथीत यकृत, अस्थिमज्जा अशा अवयवांत प्रसार झालेला असतो. त्या काळी हॉजकिन प्रकाराच्या अनेक रुग्णांचे पोट उघडून प्लीहा काढावी लागे, तेव्हा कोठे विस्तार कळे.

आज हे कार्य प्रतिमा-तपासणी करते. सीटी स्कॅन ग्रंथीचा आकार दाखवतो. पेट स्कॅन किरणोत्सारी शर्करेच्या साहाय्याने पेशींची क्रियाशीलता दाखवतो. एकाच दृष्टीने सत्य पूर्ण दिसत नाही, हा अनेकान्ताचा बोध येथेही लागू पडतो. म्हणून २०१४ च्या लुगानो वर्गीकरणाने बहुतेक प्रकारांसाठी पेट-सीटी हा आधार मानला. शर्करा फारशी न शोषणाऱ्या प्रकारांत सीटी उपयोगी ठरतो. हॉजकिनमध्ये यामुळे अस्थिमज्जेची सुई-तपासणी बहुधा टळते. भारतात पेट तपासणी २००२ मध्ये मुंबईच्या परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाली.

तथापि चमकणारा प्रत्येक ठिपका कर्करोग नसतो. क्षयाची गाठही तशीच चमकते. शंका असल्यास तेथील तुकडा तपासावा लागतो.

तपासणीपूर्वी सुमारे सहा तास उपाशी राहावे लागते. साधे पाणी मात्र चालते. चौविहार उपवास वा अठ्ठाई चालू असेल, मधुमेह असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगावे.

खर्चाच्या चिंतेने काही कुटुंबे ही तपासणी पुढे ढकलतात. परंतु औषध सुरू झाल्यावर रोगाचे मूळ चित्र पुसट होते. अवस्था कमी धरली तर उपचार अपुरे पडतात; अधिक धरली तर देहाला अनावश्यक विष सोसावे लागते. शिवाय पुढे गुण किती आला, हे पहिल्या चित्राशी ताडूनच कळते. तातडीचे संकट नसेल तर तपासणी आधी, औषध नंतर, हाच क्रम हितकर होय.

औषधदान हे चार दानांपैकी एक. औषध कोणते व किती, हे ठरविणारी तपासणीही त्याच दानात मोजली जावी. सुवर्ण महोत्सवी वर्षात वैद्यकीय साहाय्य निधीने शस्त्रक्रिया व औषधांबरोबर या पहिल्या तपासणीचाही भार उचलावा, एवढीच समाजापुढे नम्र विनंती.

जय जिनेंद्र!