मुलीने प्रथम आपणांस सांगावे

(छत्रपती संभाजीनगर येथील सभेत एका वकील भगिनीने केलेले भाषण)



आजचा विषय घरात उच्चारण्यास आपण कचरतो. एखाद्या तरुण मुलीस नको असता दिवस गेले, की ती प्रथम कोणास भिते? डॉक्टरास नव्हे, कायद्यासही नव्हे. ती आपणांस भिते. तिची झोप उडते, अन्न जात नाही, जीव नकोसा होतो. आणि आपण काय विचारतो? लोक काय म्हणतील!

१८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. संकटात सापडलेल्या विधवांनी तेथे गुप्तपणे बाळंत व्हावे, अशी ती सोय होती. काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत यास त्यांनी दत्तकही घेतले. १९३८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांच्या पक्षाने संततिनियमनाचा ठराव आणला. जिला मूल नको, तिला गर्भधारणा टाळता आली पाहिजे, ही त्यामागील भूमिका होती. तो ठराव तेव्हा फेटाळला गेला.

आज कायदा काय सांगतो? १९७१ च्या गर्भपात कायद्याने मानसिक आरोग्यास होणारी गंभीर इजा हे गर्भपाताचे वैध कारण मानले. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. त्यापुढे चोवीस आठवड्यांपर्यंत, नियमांत सांगितलेल्या स्त्रियांसाठी, दोन डॉक्टरांचे मत लागते. ही मुदत अविवाहितेसही आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी दिला. सज्ञान मुलीची स्वतःची संमती पुरेशी आहे. बापाची वा नवऱ्याची सही लागत नाही. अठरा वर्षांखालील मुलीसाठी मात्र पालकाची लेखी संमती हवी. स्त्रीचे नाव विनाअधिकार फोडणाऱ्या डॉक्टरास शिक्षा आहे.

परंतु भीतीपोटी मुली उशिरा येतात. चोवीस आठवडे उलटले, की बहुधा उच्च न्यायालयाच्या येथील खंडपीठाकडे धाव घ्यावी लागते, आणि परवानगी मिळेलच असे नसते. कित्येकजणी वैदूच्या औषधाने जीव धोक्यात घालतात.

म्हणून मातांनो, प्रथम तिचे ऐकून घ्या. तिला एकटी ठेवू नका. घाटी रुग्णालयात तिच्यासमवेत जा. मन खचले असेल तर १४४१६ या सरकारी क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. मूल ठेवावे की नाही, हा निर्णय तिचा. तिला धीर देणे हे आपले कर्तव्य होय.

जय भीम!