आपल्याला रस्ता दिसतो, पण आपण दिसतो का?

(रेडिओवरील शेतकरी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आज मी पिकाबद्दल, खताबद्दल किंवा फवारणीबद्दल बोलणार नाही. आज बोलायचं आहे ते आपल्या सायकलीबद्दल. तुम्ही म्हणाल, कृषी खात्याच्या माणसाला सायकलीचं काय पडलंय? तर त्याचं कारण आधी सांगतो.

हिवाळ्यातली गोष्ट. एका गावची शेतीशाळा आटोपून मी मोटारसायकलने पैठण रस्त्याने छत्रपती संभाजीनगरकडे परतत होतो. दिवस नुकताच मावळला होता. समोरून एका गाडीचा झोत डोळ्यांवर आला आणि क्षणभर काहीच दिसेना. झोत सरला तो काय, माझ्या पुढ्यातच गवताचा एक भारा चाललेला! कसाबसा ब्रेक दाबला, गाडी साइडपट्टीवर घातली, म्हणून दोघेही वाचलो. भाऱ्याच्या पुढे एक वयस्कर शेतकरी सायकल चालवत होते. मी म्हणालो, "बाबा, दिवा तरी लावायचा!" ते म्हणाले, "साहेब, मला तर सगळा रस्ता दिसत होता."

मंडळी, सगळी मेख इथंच आहे. अंधाराला सरावलेल्या आपल्या डोळ्यांना संधिप्रकाशात रस्ता दिसतो. पण समोरच्या गाडीच्या झोताने ज्याचे डोळे दिपलेत, त्या चालकाला आपण दिसत नाही. आपल्याला दिसणं वेगळं आणि आपण दिसणं वेगळं.

आता थोडा हिशेब करू. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. चालकाला काही दिसलं, की त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद जातो. तेवढ्यात गाडी २५ मीटर पुढे आलेली असते. मग ब्रेक लागून थांबायला कोरड्या रस्त्यावरही आणखी २०-२५ मीटर लागतात. म्हणजे एकूण झाले सुमारे ५० मीटर. आणि गडद कपड्यातला माणूस खाली झुकवलेल्या दिव्यात साधारण २५-३० मीटरवर आल्यावरच दिसतो. चालक कितीही सज्जन असला, तरी मधलं अंतर तो कुठून आणणार? तेच मागे चांगला रिफ्लेक्टर असेल, तर तो १०० मीटरच्याही पलीकडून चमकतो.

आता तुम्ही म्हणाल, सायकलीला रिफ्लेक्टर असतोच की! बरोबर आहे. सायकलीच्या रिफ्लेक्टरच्या गुणवत्तेबाबत केंद्र सरकारने २०२० साली आदेशही काढला आहे. पण तो बसवलेला असतो मागच्या मडगार्डवर, आणि आपण कॅरिअरवर काय बांधतो? कुणी घासाचा भारा, कुणी कडब्याच्या पेंढ्या, कुणी भाजीचं पोतं. दूधवाले दोन्ही बाजूंना कॅन अडकवतात. ओझ्यामागे रिफ्लेक्टर झाकला गेला, की तो असून नसल्यासारखाच. म्हणून पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो : खूण सायकलीला नव्हे, ओझ्याच्या मागच्या टोकाला लावा.

ती कशी करायची? ट्रकच्या मागे लावतात ती लाल चमकपट्टी गाड्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळते. वीतभर पट्टी दुधाच्या कॅनच्या मागच्या बाजूला चिकटवा. चिकटवण्यापूर्वी कॅन धुऊन कोरडा करा, नाहीतर पट्टी चार दिवसांत सुटेल. भाऱ्यासाठी एक फळकूट घ्या, त्यावर पट्टी चिकटवा आणि दोरी ओवून ठेवा. भारा बांधला, की फळकूट मागे बांधायचं. पट्टी स्वतः उजेड देत नाही, पडलेला उजेड फक्त परत पाठवते. म्हणून चिखल किंवा शेण लागलं, तर फडक्याने रोज पुसा.

दुसरी गोष्ट दिव्याची. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवा. डायनॅमो असेल तर चांगलंच, पण सायकल थांबली की साधा डायनॅमो विझतो. म्हणून मागे सेलवरचा छोटा लाल दिवा असू द्या.

तिसरी गोष्ट कपड्यांची. निळा, तपकिरी, काळा रंग संध्याकाळी अंधारातच मिसळून जातो. पांढरा किंवा पिवळा सदरा वापरा. थंडीत काळी शाल किंवा घोंगडी पांघरली, तर वरून पांढरं उपरणं घ्या.

चौथी गोष्ट आपल्या भागाची. जालना रस्ता पूर्व-पश्चिम जातो. सकाळी दूध-भाजी शहरात पोहोचवून चिकलठाणा-करमाडकडे परतताना मागून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांत ऊन असतं. संध्याकाळी शहराकडे येतानाही तेच. भर उजेडातही आपण त्याला दिसत नाही, हे ध्यानात ठेवून अगदी डाव्या कडेने चला. महामार्गावर दुभाजकातली फट गाठण्यासाठी उलट्या बाजूने सायकल हाणू नका. उतरून कडेने चालत जा. दोन मिनिटं जास्त लागतील, लागू द्या.

माता-भगिनींनाही एक सांगणं आहे. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या अनेक मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या आहेत. डिसेंबरात सूर्य सहाच्या आत मावळतो. दप्तर कॅरिअरला लावलं, की रिफ्लेक्टर झाकला जातो. दप्तराच्या मागे एक चमकपट्टी शिवून द्या.

ऊसतोडीच्या हंगामात बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रात्रभर चालतात. त्यांनाही हाच नियम लागू आहे. उसाच्या मोळ्यांखाली दिवे झाकले जातात, तेव्हा मोळ्यांच्या मागे लाल खूण बांधा.

आता एक प्रात्यक्षिक. आज रात्री ओझ्यासह सायकल रस्त्यापासून दूर, अंगणात किंवा शेतातल्या वाटेवर उभी करा. मोजून साठ-सत्तर पावलं मागे जा. बॅटरी कपाळाशी धरून उजेड टाका. लाल चमक दिसली तर ठीक. नाही दिसली, तर मागच्या चालकालाही ती दिसणार नाही. बियाण्याची उगवणशक्ती आपण पेरणीआधी तपासतो ना? तसंच हे.

आणि वाटेत कुणी अपघातात सापडलेला दिसला, तर १०८ वर फोन करा. सद्भावनेने मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात संरक्षण दिलं आहे, तेव्हा घाबरून पुढे जाऊ नका.

थोडक्यात लक्षात ठेवा :
१. लाल खूण ओझ्याच्या मागच्या टोकाला.
२. पुढे पांढरा दिवा, मागे लाल.
३. अंगात उजळ कपडे.
४. डावी कडे सोडू नका, उलट्या बाजूने जाऊ नका.
५. पट्टी रोज पुसा, महिन्यातून एकदा रात्री तपासा.

ते बाबा नंतर मला बाजारात भेटले. भाऱ्याला लाल पट्टीचं फळकूट बांधलेलं होतं. म्हणाले, "साहेब, आता गाड्या लांबूनच बाजू देतात." तुमच्याही सायकलीला आज संध्याकाळच्या आत असं फळकूट बांधा, एवढीच विनंती.