राखणदाराचे म्हातारपण



वसंत व्याख्यानमालेत साहित्य, राज्यकारभार, अध्यात्म अशा भारदस्त विषयांवर ऐकण्याची आपणांस सवय आहे. त्या मानाने आजचा आमचा विषय अगदी दाराशी पडलेला आहे. म्हातारा कुत्रा आणि त्याचे न चालणारे पाय, हा तो विषय. कोणास हसू आले तर त्याने खुशाल हसावे. पण तिवस्याच्या शिवारात ज्याचे वावर आहे, ज्याची संत्र्याची बाग आहे, त्याला जागलीच्या कुत्र्याचे मोल सांगावे लागत नाही. रानडुकरे पिकात शिरली की आधी जागा होतो तो कुत्रा, मागून मनुष्य. अशी आठदहा वर्षे राखण करून त्याची कंबर धरली, की घरात एकच वाक्य ऐकू येते, "म्हातारा झाला, आता काय करायचे त्याचे!" आमचा आजचा सारा वाद या एका वाक्याशी आहे.

म्हातारपण हा रोग नव्हे. मोठ्या अंगाचा कुत्रा सातव्या-आठव्या वर्षीच उताराला लागतो, लहान चणीचा दहा-अकरापर्यंत तरतरीत राहतो. वय वाढले म्हणजे चाल मंदावणार, हे खरे. पण उठताना मागचा भाग आधी उचलेनासा होणे, पायरीपाशी थबकणे, एकच सांधा सारखा चाटणे, नखे फरशीवर घासत चालणे, आणि जन्मभर गरीब असलेल्या जनावराने अंगाला हात लावताच गुरगुरणे, ही केवळ वयाची लक्षणे नव्हेत. ती बहुधा दुखण्याची लक्षणे असतात. कुत्रा कण्हत नाही म्हणजे त्याला दुखत नाही, ही आपण आपली करून घेतलेली सोयीची समजूत आहे.

बरे, दुखणे तरी एकच असते काय? हाडांच्या टोकांवर कूर्चेचे जे मऊ आवरण असते ते झिजले, म्हणजे सांधा सुजतो आणि आखडतो. हा झाला संधिवात. पण मणक्यांमधील चकती सरकून मज्जारज्जूवर दाब आला, तरीही मागचे पाय लुळे पडतात. मज्जारज्जूच हळूहळू क्षीण होत गेला, तर वेदना न होता पाय फरफटू लागतात. आणि आपल्या भागात विशेष ध्यानात ठेवावयाचे म्हणजे गोचीड. गोचिडांमुळे येणाऱ्या तापातही सांधे धरतात व कुत्रा लंगडू लागतो. तो ओळखला तर औषधाने बरा होऊ शकतो. बाहेरून पाहणाराला चारही कुत्री सारखीच लंगडताना दिसतील; उपचार मात्र चौघांचे चार. म्हणून पहिली पायरी ही की पशुवैद्याला दाखवावे, आणि लवकर दाखवावे.

लवकर हा शब्द आम्ही जोर देऊन उच्चारतो, त्याला कारण आहे. उद्योगपती रतन टाटा यांनी २०२४ साली आपल्या एका कुत्र्याची हकीकत सांगितली होती. त्याचा सांधा बदलावयाचा होता आणि त्यासाठी त्याला विमानाने अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात नेले. पण वेळ निघून गेली होती. सांधा बदलणे शक्य झाले नाही. तेथील शल्यवैद्यांनी तो एका ठरावीक स्थितीत कायमचा जखडून टाकला. ज्याला पैशाची ददात नाही, साधनांची वाण नाही, त्यालाही उशीर झाला! पुढे मुंबईत महालक्ष्मी येथे, सुमारे १६५ कोटी रुपये खर्चून, लहान प्राण्यांचे पाच मजली रुग्णालय उभे राहिले व जुलै २०२४ मध्ये ते सुरू झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात टाटा गेले. या हकीकतीतून आपण महालक्ष्मीची इमारत घ्यावयाची नाही, ती आपल्या आवाक्याबाहेरची आहे. घ्यावयाचा तो उशिराचा धडा.

आता आपल्या आवाक्यातले काय, ते पाहू. सांधेदुखीचा एक फेरा असतो. दुखते म्हणून कुत्रा हलत नाही; हलत नाही म्हणून मांड्यांचे मांस झडते आणि वजन मात्र वाढते; सांध्याला धरून ठेवणारे मांस गेले व भार वाढला, म्हणजे आणखी दुखते. हा फेरा एका गोळीने तुटत नाही. तो चारपाच ठिकाणी एकदम तोडावा लागतो. हल्ली समग्र उपचार असा शब्द कानी पडतो. त्याचा खरा अर्थ आमच्या मते एवढाच. पशुवैद्याला वगळून तेल आणि मुळ्या, असा तो नव्हे.

सर्वांत स्वस्त औषध म्हणजे वजन. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉर पिलांच्या जोड्या लावून, जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न असे जन्मभर देऊन पाहिले. २००२ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: कमी खाणारी कुत्री सरासरीने पावणेदोन वर्षे अधिक जगली, आणि संधिवातानेही त्यांना उशिरा गाठले. आपण मायेने तुपाची पोळी आणि सणाचे गोड पुढे टाकतो, ते ओझे शेवटी त्या चार पायांनाच वाहावे लागते.

दुसरे, जमीन. गुळगुळीत फरशीवर म्हाताऱ्या कुत्र्याचे पाय फाकतात. तेथे तरट अंथरावे. नखे वेळेवर कापावी. आपला मुलूख कापसाचा. एखादी जुनी गादी त्याच्या वाट्याला आली तर घर बुडत नाही. तिसरे, चालणे. एकदम लांब नेऊ नये आणि अगदी बांधूनही ठेवू नये. थोडे थोडे, रोज, आणि वैशाखात तर उजाडताना व दिवस मावळल्यावरच, कारण तापलेल्या डांबराने त्याचे तळवे भाजतात. मागचा भाग उचलत नसेल तर पोटाखालून जुना पंचा घालून आधार द्यावा. हिवाळ्यात आखडलेल्या सांध्याला कोमट शेक द्यावा. जो उठतच नाही त्याची कूस दर काही तासांनी बदलावी व अंग कोरडे ठेवावे. नाही तर जखमा होतात आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात त्यांत किडे पडतात.

औषधाविषयी एक गोष्ट कळकळीने सांगतो. घरातील माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला घालू नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी त्याच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडे निकामी होतात. जनावरांना दिलेल्या याच डायक्लोफेनॅकमुळे, त्यांची प्रेते खाऊन, देशातील गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली, आणि २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. कुत्र्यांना सोसतील अशी वेगळी औषधे आहेत. त्यांची मात्रा वजन तोलून पशुवैद्यानेच ठरवावी. माशाच्या तेलाचा काही उपयोग होतो असे प्रयोगांत दिसले आहे. ग्लुकोसामीनच्या महाग गोळ्यांचा पुरावा मात्र दुबळा आहे.

नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ सालचे. अकोल्यालाही पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे. गावचा सरकारी दवाखाना गाईबैलांसाठी, अशी आपली समजूत असते. पण कुत्रा नेल्याविना तेथे कुत्र्याचा वैद्य कसा तयार होणार?

शेवटी एक कठीण प्रश्न उरतो. सारे करूनही वेदना हटत नसेल, अन्न सुटले असेल, तर पशुवैद्याच्या हातून शांतपणे मरण देणे, यात आम्हांस निर्दयता दिसत नाही. निर्दयता आहे ती त्याला बंडीत घालून दूर नेऊन सोडण्यात. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने जनावराला भुकेतहानेने तळमळत टाकून देणे हा गुन्हा ठरविला. पण पहिल्या खेपेचा दंड ठेवला दहा ते पन्नास रुपये! एवढ्या दंडाला कोण भिणार? तेव्हा हे काम कायद्यापेक्षा मनालाच करावे लागणार.

आणि मनाला शिकविणारे आपल्याकडे झालेच नाहीत असे नाही. याच जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांची दशसूत्री आपण भिंतीवर लिहिलेली पाहतो. तिच्या एका कलमात पांगळ्यांचे व रोग्यांचे औषधपाणी आहे, दुसऱ्या कलमात मुक्या जिवांना अभय आहे. पाय गेलेला म्हातारा कुत्रा या दोन्ही कलमांत बसतो. ज्याने आपली झोप राखली, त्याचे उठणे-बसणे आपण राखावे, इतकेच आमचे मागणे आहे.