चार खुंट्या आणि पाण्याचा शोध

आमच्या सोनईत पाणी म्हटलं की मुळेचा कालवा आठवतो. पण कालव्याचं पाणी प्रत्येकाच्या बांधाला लागत नाही, आणि लागलं तरी आवर्तन संपल्यावर नजर विहिरीकडेच वळते. विहीर कुठं घ्यायची हे पूर्वी पाणाड्या सांगायचा. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ उभा राहिला की तिथं खूण. आता खुंट्या आणि एक पेटी येते. भाईजानच्या शेतात ती आली तेव्हा मी बांधावर बसून होतो. बी.ए.ला माझा विज्ञानाशी संबंध आला नाही, म्हणून साहेबांना प्रश्न विचारून मी भंडावून सोडलं.

रीत जुनी आहे. कॉनराड श्लुम्बर्जे या फ्रेंच माणसानं १९१२ मध्ये नॉर्मंडीत ती करून पाहिली. एका रेषेत चार खुंट्या ठोकायच्या. बाहेरच्या दोहोंतून जमिनीत वीज सोडायची आणि आतल्या दोहोंमध्ये विजेचा दाब किती उमटतो ते मोजायचं. कोरडा कातळ वीज अडवतो, ओला मुरूम जाऊ देतो. बाहेरच्या खुंट्या लांब सरकवल्या की वीज खोल उतरते.

खरी कसोटी पेटीच्या तोंडाशी आहे. पेन्सिल सेलमध्ये दीड व्होल्ट, म्हणजे १५०० मिलिव्होल्ट असतात. इथं मोजायचे असतात काही वेळा दोन-चार मिलिव्होल्ट. शिवाय खुंटी कोरड्या मुरमात बसली की तिथंच दहा हजार ओहमचा अडसर उभा राहतो. दोन खुंट्या, वीस हजार. पेटीनं मोजताना थोडी जरी वीज ओढली तरी दाबाचा काही भाग या अडसरातच खर्ची पडतो. पेटीचा स्वतःचा रोध एक लाख ओहम असेल तर शंभराच्या जागी त्र्याऐंशी दिसतील. म्हणून तो एक कोटी ओहमच्या घरात ठेवतात. तरीही साहेब खुंटीपाशी मिठाचं पाणी ओतत होते.

दुसरी गंमत म्हणजे जमिनीला स्वतःचीही वीज असते. लोखंड ओल्या मातीला लागलं तरी ती तयार होते. मग आपली कोणती आणि तिची कोणती? उपाय साधा आहे. सोडलेल्या विजेची दिशा उलटी करायची. आपला दाब उलटतो, जमिनीचा तसाच राहतो. दोन्ही आकड्यांची वजाबाकी करून निम्मं केलं की जमिनीचा हिस्सा गळून पडतो.

आणि शेतातून वीजवाहिनी गेलेली! तिचा गुणगुणाट दोन्ही तारांत जवळपास सारखाच शिरतो. पेटीतला अँप्लिफायर फक्त दोन तारांमधला फरक वाढवतो, सारखं असेल ते सोडून देतो. उरलासुरला गुणगुणाट सेकंदाला ५० फेऱ्या घेतो, एक फेरी २० मिलिसेकंदांची. पूर्ण फेऱ्या भरतील इतका वेळ मोजलं की वरचं-खालचं फिटतं. मग तेच मोजमाप सोळा वेळा घेऊन सरासरी काढतात; वेडीवाकडी खरखर चौथाईवर येते. जनरेटरच्या धडधडीत मुशायरा ऐकलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

एका ठिकाणी आकडा एकदम खाली आला. भाईजान खूश. बोअरची गाडी ठरलेली, सोसायटीचं कर्ज काढलेलं. साहेब मात्र खूण करायला तयार होईनात.

"चाचा, पेटी पाणी मोजत नाही, रोध मोजते. चिकणमातीही आकडा खाली आणते आणि खारं पाणीही. जवळ कालवा आहे, जमीन चोपण झालेली दिसते. आडव्या रेषेत पुन्हा मोजू. आधी शेजारची विहीर दाखवा."

आम्ही तिघं गेलो. पोहऱ्यानं पाणी काढून साहेबांनी आधी चाखलं, मग भाईजाननी. मचूळ होतं. भाईजाननी तिथूनच गाडीवाल्याला फोन लावला आणि आठ दिवस थांब म्हणाले.