थरचे वाळवंट आणि आपला उन्हाळा



वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? वाळूच्या टेकड्या, उंटांची रांग आणि पाण्यावाचून तडफडणारा वाटसरू. शहापूर-मुरबाडकडच्या माणसाला साहजिकच वाटते, की आपला याच्याशी काय संबंध? आपल्याकडे आषाढात पाऊस एकदा धरला की चार-चार दिवस सूर्याचे तोंड दिसत नाही. पण त्याच गावांत वैशाखात फेरी मारून पाहा. विहिरीच्या तळाशी हातभर गढूळ पाणी, नदीच्या पात्रात उकरलेला डवरा आणि टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या हंड्यांच्या रांगा. म्हणून आज थरच्या वाळवंटाची हकिकत सांगायची आहे. नवलाची गोष्ट म्हणून नव्हे, तर त्या मुलखापासून आपल्याला काही घेण्यासारखे आहे म्हणून.

राजस्थानात अरवली पर्वताच्या पश्चिमेला हे वाळवंट पसरले आहे आणि सरहद्द ओलांडून ते पाकिस्तानातही गेले आहे. तिथे पाऊस का पडत नाही? समुद्रावरून येणारे ढग आपल्या सह्याद्रीवर आडवे आदळतात, वर चढतात, थंड होतात आणि कोसळतात. अरवलीची रांग मात्र अरबी समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यांना समांतर आहे. वारे तिच्या कडेकडेने निघून जातात. गुरुजींनी वर्गात नकाशा लावून या दोन रांगा शेजारी शेजारी दाखवाव्यात. मुलांना एका दृष्टिक्षेपात समजेल.

जैसलमेरकडे वर्षाचा पाऊस दोनशे मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. आपल्याकडे तो दोन हजारांहून अधिक. म्हणजे दहापट! आणि तरीही थरचे वाळवंट ओसाड नाही, बरं का. जगातल्या वाळवंटांत दाट वस्तीचे म्हणून ते ओळखले जाते. जैसलमेर शहर ११५६ साली वसले आणि आजही नांदते आहे. एवढ्याशा पावसावर ही माणसे शतकानुशतके जगली कशी?

याचे उत्तर त्यांच्या अंगणात आहे. अंगणात जमिनीखाली एक गोल हौद खणलेला असतो, त्याला 'टांका' म्हणतात. त्याच्या भोवतालची जमीन टांक्याकडे उतरती ठेवून चोपून घट्ट करतात, ती 'आगोर'. पावसाळ्यापूर्वी आगोर झाडून स्वच्छ करायची, तिच्यावर जोडे घालून जायचे नाही, गुरे फिरकू द्यायची नाहीत. जो काही पाऊस पडेल तो आगोरीवरून टांक्यात उतरतो आणि झाकणाखाली थंड राहतो. काही ठिकाणी वाळूच्या खाली जिप्समचा थर आहे. वाळूत मुरलेला पावसाचा ओलावा त्या थरावर अडतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. तिथे अरुंद विहिरी खणून ते गोडे पाणी थेंबाथेंबाने गोळा करतात. तिसरी युक्ती शेतीची. खडकाळ उतारावरून वाहून येणारे पाणी खोलगट जमिनीत मातीचा बांध घालून अडवायचे, मुरू द्यायचे आणि त्या ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा. याला 'खडीन' म्हणतात. जैसलमेरच्या पालीवाल ब्राह्मणांनी ही पद्धत नावारूपाला आणली.

तिथली संस्कृतीही याच मातीत रुजलेली आहे. खेजडी, म्हणजे आपली शमी, हे तिथले कल्पवृक्षासारखे झाड. शेंगांची भाजी, पाल्याचा चारा, उन्हात सावली. जोधपूरजवळच्या खेजडली गावी १७३० साली दरबारची माणसे ही झाडे तोडायला आली, तेव्हा अमृतादेवी नावाच्या बिष्णोई बाईने झाडाला मिठी मारली आणि प्राण दिला. तिच्यामागोमाग गेलेल्यांसह ३६३ माणसांनी तिथे बलिदान केल्याचे सांगतात. देवाच्या नावाने राखलेली राने तिथे आहेत, त्यांना 'ओरण' म्हणतात. आपल्याकडे जशी देवराई. आपल्या म्हसा गावी पौष पौर्णिमेला यात्रा भरते, बैलांचा बाजार होतो, घोंगड्या विकायला येतात. तसेच नागौरला आणि वाळवंटाच्या कडेला पुष्करला गुरांचे, उंटांचे मोठे बाजार भरतात. लंगा आणि मांगणियार हे तिथले गाणारे समाज; त्यांची गाणी आज परदेशांतही ऐकली जातात. आपल्या ठाकरांचा कांबड नाच आणि वारल्यांचा तारपा यांचे मोलही त्याहून कमी नाही.

आता आपल्या मुलखाकडे वळू. आपली जमीन लाव्हारसाच्या थरांनी बनलेली आहे. हा काळा कातळ पाणी फारसे पीत नाही. वर मातीचा थर पातळ, उतार तीव्र, आणि डोंगरावरची झाडी विरळ झालेली. त्यामुळे पाऊस पडतो आणि काळू, भातसा, तानसा या नद्यांतून भराभर निघून जातो. वाळवंटात पाणी येत नाही; आपल्याकडे ते येते, पण थांबत नाही. उन्हाळ्यात हंडा मात्र दोन्हीकडे सारखाच रिकामा.

ही विद्या आपल्याकडे कधी नव्हतीच, असे मात्र नाही. राजस्थानी लोक ज्याला टांका म्हणतात, त्यालाच आपण टाके म्हणतो. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याहून नाणेघाट चढा. सातवाहनांच्या काळातला, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा हा व्यापारी मार्ग. वर राणी नागनिकेचा लेख असलेले लेणे आहे, आणि त्याच्या आसपास कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. माहुली किल्ल्यावर, गोरखगडावरही टाकी आहेत. जो कातळ पाणी पीत नाही, त्यालाच भांडे करण्याचे शहाणपण आपल्या पूर्वजांना होते. टाके खोदवणे हे पुण्याचे दान समजत. तशी दाने नोंदवणारे शिलालेख सह्याद्रीच्या लेण्यांतून सापडतात.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. शहापूर तालुक्यात पाणी मुळीच थांबत नाही असे नाही. तानसा धरण १८९२ साली पुरे झाले, पुढे भातसाचे मोठे धरण झाले. मुंबईला लागणाऱ्या पाण्यापैकी सुमारे निम्मे एकट्या भातसाचे आहे. शहराला पाणी मिळावे याबद्दल कोणाची तक्रार नसावी. पण ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, ज्यांच्या डोंगरावरून ते पाणी उतरते, त्या पाड्यांना त्याचा वाटा मिळणे हा त्यांचा हक्क आहे. घरचे टाके हा त्या हक्काला पर्याय नव्हे; तो हक्क पदरात पडेपर्यंतचा आधार आहे.

पर्यटनाचेही तसेच. जैसलमेरचा किल्ला पिवळ्या दगडाचा, आत अजून वस्ती असलेला. २०१३ साली तो जागतिक वारशात गणला गेला. पाहुणे वाढले, रोजगार वाढला, नळाने भरपूर पाणी आले. पण सांडपाण्याची सोय तेवढी झाली नाही. ते पायात मुरले आणि काही बुरूज ढासळले. ज्या किल्ल्याने टंचाई सोसली, त्याला निष्काळजीपणाचे पाणी सोसले नाही! आपल्याकडेही पावसाळ्यात माळशेज घाटात, नाणेघाटात, माहुलीच्या पायथ्याशी पाहुण्यांची गर्दी होते. ती व्हावी, गावच्या पोरांना त्यातून चार पैसे मिळावेत. पण टाक्यांत बाटल्या आणि कचरा पडणार नाही हे गावाने पाहावे, आणि श्रावणातले धबधबे पाहणाऱ्याला वैशाखातला पाडाही ठाऊक असावा.

शेवटी एक हिशेब सांगतो. गुरुजनहो, तो मुलांकडून करून घ्या. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे एक लिटर पाणी झाले. पाच मीटर रुंद आणि सहा मीटर लांब घराचे छप्पर तीस चौरस मीटरचे. जैसलमेरच्या दोनशे मिलिमीटर पावसात त्यावर सहा हजार लिटर पाणी पडते. आपल्या दोन हजारांत साठ हजार! पाच माणसांच्या घराला नुसते पिण्यास आणि रांधण्यास माणशी दहा लिटर धरले, तर शंभर दिवसांना पाच हजार लिटर पुरतात. म्हणजे साठांतले सहा अडवले, तरी मार्चपासून पावसापर्यंतचा घसा ओला राहील. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद, दीड मीटर खोल टाक्यात ते मावतात. छपराला पन्हळ लावावी, पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे, टाके झाकून ठेवावे.

प्रत्येक घराला हा खर्च झेपणार नाही. कुडाच्या घराचे छप्पर त्याला चालणारही नाही. पण शाळेचे छप्पर तर पक्के असते! शंभर चौरस मीटरच्या छपरावर दोन लाख लिटर पाणी पडते. ग्रामपंचायतीने आणि शाळेने मिळून तिथूनच सुरुवात करावी. पाण्यासाठी एक-दीड मैल चालणारी मुलगी सकाळी शाळेत पोचत नाही, हे आपण सारे जाणतो. तिच्या डोक्यावरचा हंडा उतरला तर तिच्या हाती पाटी येईल. वाळवंटातल्या माणसाने सहा हजार लिटरांत संसार केला. आपल्या छपरावरून साठ हजार वाहून जातात, त्यांतले थोडे तरी येत्या पावसाळ्यात थांबवू या.