मोजल्याशिवाय झीज कळत नाही

(गणेशोत्सवातील ज्येष्ठांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला, डब्यांची चाके तपासणारा माणूस. चाक दिसायला गोल, चकचकीतच असते. त्याची झीज डोळ्यांना दिसत नाही, गेज लावल्यावर कळते. माणसाचेही तसेच असते हे मला घरातच कळले, आणि जरा उशिरा कळले.

आपल्यापैकी अनेकांचे आई-वडील काही महिने इथे क्वार्टरमध्ये आणि काही महिने गावी दुसऱ्या भावाकडे असतात. माझी आई अशीच. थोरल्याकडून आली तेव्हा तिच्या बांगड्या पार कोपराकडे सरकत होत्या. मी मनात म्हटले, वय झाले. ती म्हणाली, "प्रवासाने थकले रे." दवाखान्यात नेले. वजन ४५ किलो, उंची १४२ सेंटिमीटर. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. तो आला २२.३. "नॉर्मल आहे," असे सांगून टॉनिक लिहून दिले.

भागाकार बरोबर होता, माप चुकले होते. आईच्या पाठीला बाक आहे. उंची कमी भरली की बीएमआय फुगतो. अशा वेळी उंचीचा अंदाज हातावरून काढतात. हात खांद्याच्या रेषेत आडवा पसरायचा. गळ्याखालच्या खळग्याच्या मध्यापासून मधले बोट आणि अनामिका यांच्या बेचक्यापर्यंत टेप धरायची. स्त्रियांसाठी त्या सेंटिमीटरना १.३५ ने गुणून ६०.१ मिळवायचे, पुरुषांसाठी १.४० ने गुणून ५७.८. आईचे माप ६८ भरले, म्हणजे उंची सुमारे १५२. बीएमआय एकदम १९.५ वर आला! ब्रिटनमध्ये 'मस्ट' नावाची तपासणी वापरतात, तिच्यात २० च्या खाली गेले की धोक्याचा गुण पडतो.

मग थोरल्याला फोन केला. सहा महिन्यांपूर्वी तिचे वजन ५१ होते. प्रयत्न न करता तीन ते सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त वजन उतरले, तर बीएमआय काहीही असो, धोका मोठा धरतात. दादा तिला रोज पाहत होता, म्हणून त्याला कळले नाही. मी खूप दिवसांनी पाहिले आणि वयावर ढकलले. दोघांपैकी कोणाला दोष द्यायचा?

कारण निघाले कवळीचे. ती ढिली झाली होती. भाकरी चावता येईना, म्हणून आई चहात बुडवलेल्या बिस्किटांवर दिवस काढत होती आणि विचारले की "भूक नाही" म्हणत होती. प्रत्येकाचे कारण इतके सोपे नसते. मधुमेह, क्षय, थायरॉइड, कर्करोग, एखादे औषध, मनाची उदासी, काहीही असू शकते. ते शोधणे डॉक्टरांचे काम. आकडा त्यांच्यासमोर ठेवणे आपले.

वजनकाटा नसेल तर शिंप्याची टेप पुरते. खुर्चीवर बसवून, गुडघा काटकोनात ठेवून पोटरीचा सर्वात जाड भाग मोजा. टेप टेकवायची, आवळायची नाही. वृद्धांच्या पोषणाची 'एमएनए' ही तपासणी ३१ सेंटिमीटरची रेघ धरते. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये स्नायूंची झीज हेरण्यासाठी पुरुषांना ३४ आणि स्त्रियांना ३३ च्या खाली लक्ष द्यायला सांगितले. आईची पोटरी तेव्हा २९ होती. दंड खांद्याचे हाड आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर मोजायचा. २३.५ च्या खाली असेल तर बीएमआय २० हून कमी असण्याचा संभव असतो.

पायांवर सूज असेल तर मात्र पोटरीवर विश्वास ठेवू नका. सूज वजनही वाढवून दाखवते. आणि पोट सुटले आहे म्हणून माणूस खाऊनपिऊन सुखी, असेही समजू नका. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० च्या वर म्हणजे आपल्याकडे मधुमेह-हृदयरोगाची शंका, आणि त्याच माणसाच्या पोटऱ्या काटकुळ्या असू शकतात.

एका मापावरून घाबरू नये. आमच्याकडे आता महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी चहाच्या आधी वजन होते. पोटरी नेहमी उजवीच. आकडे एका वहीत. ती वही आणि टेप आईच्या पिशवीतच असतात. ती थोरल्याकडे गेली की वहीही जाते. नवी कवळी, दोन्ही वेळा घट्ट वरण, दुपारी दाण्याचा लाडू. गेल्या महिन्यात वजन ४८ होते. पोटरी अजून ३० च आहे, ती वजनाइतक्या लवकर भरत नाही असे दिसते.

आरतीनंतर स्टेजच्या उजवीकडे काटा आणि दोन खुर्च्या मांडल्या आहेत. आजी-काकूंसाठी आतल्या खोलीत महिला मंडळाच्या वहिनी टेप घेऊन थांबतील. आकडा लिहायला प्रत्येकाला एक कोरी वही मिळेल. प्रसाद त्यानंतर घ्या, वजनात धरला जातो.